वाट झाडणाऱ्यांचे ऋण

खुलताबादचा भद्रा मारुती त्याच्या निद्रिस्त मूर्तीमुळे सर्वदूर प्रसिद्ध आहे. श्रावणातील शनिवारी आणि चैत्रातील हनुमान जयंतीला त्याच्या दर्शनासाठी छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेहून, हजारो माणसे पायी निघतात. आदल्या सायंकाळी किंवा रात्री शहर सोडायचे, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर ही गावे मागे टाकायची, दौलताबादच्या किल्ल्याजवळून घाट चढायचा, घाटातल्या जुन्या दगडी दरवाजातून पलीकडे जायचे आणि कागजीपुऱ्यावरून पहाटेपर्यंत खुलताबाद गाठायचे, असा हा सुमारे २५ किलोमीटरचा क्रम. या वाटेवर ठिकठिकाणी मांडव उभे असतात. कोठे थंड पाण्याची पिंपे, कोठे चहा, कोठे उपवासाची साबुदाण्याची खिचडी नि केळी. चालणारा क्षणभर थांबतो, घोटभर पाणी पितो आणि पुढे निघतो. पाणी देणाऱ्याचे नाव त्याला ठाऊक नसते, आणि देणाऱ्यालाही त्याचे नाव विचारण्याची गरज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत गर्दीची छायाचित्रे येतात, क्वचित एखाद्या मांडवाचेही येते. परंतु या सेवेचा खरा काळ ती रात्र नव्हे, तिच्या आधीचे पंधरा दिवस होत, असे आम्हांला वाटते. रस्त्याकडेच्या शेतकऱ्याकडे किंवा दुकानदाराकडे जाऊन चार हात जागा मागायची, दिव्यांसाठी वीज कोणाकडून घ्यायची ते ठरवायचे, पाण्याचा टँकर सांगून ठेवायचा, पावतीपुस्तक घेऊन घरोघर फिरायचे, दूध कोण देणार, साखर कोण देणार आणि रात्री दोन ते पाच डोळ्यांवर झोप असताना उभे कोण राहणार याची यादी करायची. हे सारे चालू असते तेव्हा वाटेवर एकही यात्रेकरू नसतो. श्रावण सरतो न सरतो तोच सप्टेंबरात अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे मतमाऊलीची यात्रा भरते. तेथे नोव्हेना, मिस्सा नि दर्शनाची रांग आपण सर्वांनी पाहिलेली असते. मंडपाचा पहिला खांब रोवताना मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिला असेल.

या पूर्वतयारीच्या कामाचे नैतिक मोल काय, हा प्रश्न आम्ही येथे विचारात घेत आहोत. प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. भुकेलेल्याला घास देणे ही दया, हे सर्वांना मान्य आहे. पण जो अजून भुकेला झालेलाच नाही, घरातून निघालेलाही नाही, ज्याचा चेहरा कोणी पाहिलेला नाही, त्याच्यासाठी आज साखर मागत फिरणे यास काय म्हणावे? ती दया आहे की न्याय? का ती केवळ हौस आहे? आणि ती हौस असेल, तर तिच्यासाठी शेजाऱ्याच्या खिशात हात घालण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट व्हावे म्हणून आपल्या परिसरापासून फार दूरचे एक उदाहरण घेऊ. कॅनडाच्या क्वेबेक व ओंटारिओ प्रांतांत आणि अमेरिकेच्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन यांसारख्या उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्याचे अनेक महिने जमीन बर्फाखाली जाते. तेथे स्नोमोबाइल नावाचे वाहन चालते. त्याला पुढे दोन घसरपट्ट्या आणि मागे फिरता पट्टा असतो. या वाहनांसाठी रानांतून, शेतांतून, ओढ्यांवरून हजारो किलोमीटर लांबीच्या वाटा आखलेल्या आहेत आणि त्यांतील बहुतेक वाटांची निगा गावोगावची स्वयंसेवी मंडळे राखतात. बर्फ पडण्याच्या कितीतरी आधी, पानगळीच्या दिवसांत, ही मंडळी कुऱ्हाडी व करवती घेऊन निघतात. वाढलेली झुडपे छाटतात, वादळात पडलेले वृक्ष बाजूला करतात, लाकडी साकव दुरुस्त करतात, वळणावर नि धोक्याच्या जागी खुणेचे फलक रोवतात. वाट पुष्कळदा शेतकऱ्यांच्या खासगी जमिनीवरून जाते. त्यामुळे मालकाच्या दारी जाऊन त्याची संमती घ्यावी लागते. एकाने नकार दिला तर सगळी वाट तेथे तुटते. पैसा उभा करण्यासाठी सामुदायिक भोजने होतात, सोडती काढल्या जातात, वाट वापरणाऱ्यांकडून परवान्याचे शुल्क घेतले जाते. पुढे हिवाळ्यात अवजड यंत्रे फिरवून बर्फ सपाट केला जातो. हे काम बहुधा रात्री चालते, कारण रात्रीच्या थंडीत दाबलेला बर्फ घट्ट बसतो आणि वाट मोकळी असते. सकाळी येणाऱ्याला फक्त गुळगुळीत पांढरी वाट दिसते.

कोणी म्हणेल, ही तर श्रीमंत देशातील करमणूक. तिचा धर्मविचाराशी काय संबंध? आक्षेप रास्त आहे. परंतु या वाहनाच्या इतिहासात एक दुःख आहे, ते येथे सांगितले पाहिजे. क्वेबेकमधील व्हालकूर या खेड्यात जोसेफ-आर्मांड बोंबार्डिए नावाचा एक यांत्रिक कारागीर राहत असे. बर्फावर चालणारे वाहन बनवण्याचा ध्यास त्याला लहानपणापासून होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या दुखण्याने अत्यवस्थ झाला. रस्ते बर्फाने बुजले होते. बापाचे वाहन कार्यशाळेत होते, पण चालण्याजोगे झालेले नव्हते. मुलाला रुग्णालयापर्यंत नेता आले नाही आणि ते मूल दगावले. पुढे १९३७ साली त्याला आपल्या शोधाचे एकस्व मिळाले. त्याच्या मोठ्या गाड्या त्या बर्फाळ मुलखात रुग्ण, शाळेची मुले नि टपाल यांची ने-आण करू लागल्या. १९५९ मध्ये त्याने काढलेली एक-दोन माणसांची हलकी गाडी आज प्रामुख्याने करमणुकीसाठी वापरली जाते.

या हकीकतीवरून एक गोष्ट ध्यानात येते. गरज दारात येऊन उभी राहिली, की तयारीची वेळ टळून गेलेली असते. त्या रात्री त्या बापाजवळ मायेची वाण नव्हती, हातांत कसबही होते. उणीव होती ती आधीच मोकळ्या करून ठेवलेल्या वाटेची. अपघात झाल्यावर धावून जाणारे हृदय फार मोलाचे, यात शंका नाही. पण ते हृदय कितीही मोठे असले, तरी बुजलेला रस्ता त्याला त्या क्षणी खुला करता येत नाही.

आता आपल्या शुभवर्तमानाकडे वळू. भल्या शोमरोन्याचा दाखला आपल्याला तोंडपाठ आहे. जखमी वाटसरूला टाळून पुढे गेलेले दोघे आणि थांबलेला तो परका, यांच्यावर आजवर असंख्य प्रवचने झाली आहेत. परंतु त्या दाखल्यात आणखी एक माणूस आहे. शोमरोन्याने जखमीला ज्याच्या हवाली केले, तो उतारशाळेचा रखवालदार. त्या दिवशी तेथे कोण येणार हे त्याला ठाऊक नव्हते. तरी त्याने खोली झाडून ठेवली होती, पाणी भरून ठेवले होते आणि दार उघडे ठेवले होते. त्याने हे पोटासाठी केले असेल; प्रभू त्याची स्तुती करीत नाही नि निंदाही करीत नाही. पण ती उतारशाळा तेथे नसती तर शोमरोन्याच्या दयेला त्या रात्री छप्पर कोठले मिळाले असते? शोमरोनीही जाताना केवळ आशीर्वाद देऊन गेला नाही. त्याने दोन नाणी दिली आणि अधिक खर्च झाल्यास परतताना भरण्याचे वचन दिले. उद्याच्या खर्चाची आजच तरतूद केली.

मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६७ सालच्या एका भाषणात या दाखल्यावर बोलताना सुचवले होते की, रस्त्यावर पडलेल्याला मदत करणे हा केवळ आरंभ आहे. अखेर यरीहोचा तो संपूर्ण रस्ताच बदलला पाहिजे. लोक तेथे पुनःपुन्हा मारले नि लुटले जाणार नाहीत असा तो व्हावा. आमच्या मते दया आणि न्याय यांची येथे गाठ पडते. पडलेल्याला उचलणे ही दया. कोणी पडू नये म्हणून खड्डा आधीच बुजवणे हे दयेला सुचलेले न्यायाचे काम. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८७ च्या आपल्या सामाजिक परिपत्रकात हेच निराळ्या रीतीने मांडले. दूरच्या माणसांच्या दैन्याबद्दल मनात दाटून येणारी अस्पष्ट कणव म्हणजे बंधुभावाची एकजूट नव्हे; सर्वांच्या हितासाठी टिकून राहणारा निर्धार म्हणजे ती एकजूट, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. कणव एका रात्रीत ओसरते. पंधरा दिवस आधी टँकर सांगून ठेवण्यासाठी निर्धारच लागतो.

ख्रिस्तसभेच्या इतिहासात वाट बांधण्याला साधनेचे स्थान मिळाल्याचे दाखले आहेत. अकराव्या शतकात स्पेनमधील रिओहा प्रदेशात दोमिंगो नावाचा एक तरुण संन्यस्त होऊ पाहत होता. पण मठांनी त्याला प्रवेश नाकारला. तो रानात एकांतवासी होऊन राहिला. सांतियागोला संत याकोबाच्या समाधीकडे निघालेले यात्रेकरू त्या रानात वाट चुकतात, नदी ओलांडताना हाल सोसतात, हे त्याने पाहिले. त्याने झाडी तोडून फरसबंद रस्ता केला, ओहा नदीवर पूल बांधला, आजारी यात्रेकरूंसाठी आश्रयस्थान उभारले. ११०९ साली त्याचे निधन झाले. आज तो संत दोमिंगो दे ला काल्सादा, म्हणजे फरसबंद वाटेचा संत दोमिंगो, या नावाने ओळखला जातो आणि स्पेनमधील स्थापत्य अभियंते त्याला आपला आश्रयदाता संत मानतात. मठाने ज्याला आत घेतले नाही, त्याची प्रार्थना रस्त्यावर साकार झाली.

त्याच सांतियागोच्या वाटेवर विसाव्या शतकात एलियास वालिन्या नावाचे एक धर्मगुरू होऊन गेले. गालिसिया प्रांतातील ओ सेब्रेइरो या डोंगरी गावचे ते धर्मग्रामगुरू. ती प्राचीन यात्रा त्या काळी जवळजवळ विस्मरणात गेली होती. १९८४ साली त्यांनी रस्त्याच्या कामातून उरलेला पिवळा रंग मिळवला आणि झाडांवर, दगडांवर, भिंतींवर बाणाच्या खुणा रंगवीत ते निघाले. त्या वर्षी सांतियागोला पोचल्याची नोंद झालेले पायी यात्रेकरू काही शेकड्यांत मोजण्याइतके होते. फादर वालिन्या १९८९ मध्ये देवाघरी गेले. २०२२ पासून तेथे दरवर्षी चार लाखांहून अधिक यात्रेकरूंची नोंद होत आहे. या गर्दीतील फारच थोड्यांना पहिला बाण कोणी काढला हे माहीत असेल. बाण वाटेची दिशा दाखवतो. तो काढणाऱ्याचे नाव त्यावर नसते.

आपल्या मातीतही ही परंपरा खोल रुजलेली आहे. खुलताबाद तालुक्यातीलच वेरूळ येथे घृष्णेश्वराचे मंदिर आहे. अठराव्या शतकात त्याचा जीर्णोद्धार करणाऱ्या अहिल्याबाई होळकर यांनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या आणि हा धर्मादाय खर्च आपल्या खासगी उत्पन्नातून केला. खुलताबादेत ज्याची कबर आहे तो मलिक अंबर गुलाम म्हणून हबसाणातून या देशात आला. निजामशाहीचा कारभारी झाल्यावर त्याने खडकी शहर वसवले आणि त्या शहरासाठी जमिनीखालून नहर खेळवली. पाणी पिणाऱ्याला हौद दिसे, नहर दिसत नसे. आणि गाडगे महाराजांचे नाव कोणा मराठी माणसाला सांगावे लागेल? त्यांनी लोकांकडून मिळालेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक इत्यादी ठिकाणी धर्मशाळा उभारल्या, गावोगावचे रस्ते स्वहस्ते झाडले आणि स्वतः मात्र त्या इमारतींची मालकी घेतली नाही.

या सर्व उदाहरणांत एक समान सूत्र आहे. वाट करणाऱ्याला कृतज्ञतेचे शब्द ऐकू येत नाहीत, कारण चालणारा येतो तेव्हा तो तेथे नसतो. दयेच्या इतर कामांत घेणाऱ्याचे डोळे देणाऱ्याला दिसतात. त्या डोळ्यांतील पाणी हे देणाऱ्याचे वेतन असते आणि कधीकधी तेच त्याच्या अहंकाराचे खाद्यही होते. वाट झाडणाऱ्याला ते वेतन नाही. आपल्या वाटेवरून कोण जाणार, हे निवडण्याची मुभाही त्याला नाही. सज्जन जाईल, दुर्जनही जाईल. आपल्या जातीचा, परजातीचा, आपल्या धर्माचा, परधर्माचा, सारेच जातील. अंतिम न्यायाच्या प्रसंगाचे जे चित्र मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे, त्यात नीतिमान लोक आश्चर्याने विचारतात की, प्रभो, आम्ही तुला तहानेला केव्हा पाहिले? त्यांनी त्याला ओळखलेले नसते. आम्हांला वाटते, हा प्रश्न सर्वांत प्रामाणिकपणे विचारू शकेल तो पाण्याचे पिंप आदल्या दिवशी भरून ठेवणारा माणूस.

येथे एक व्यावहारिक आक्षेप पुढे येतो. रस्ते, पाणी, दिवे ही शासनाची कामे. ती आपण का अंगावर घ्यावीत? आपण केली तर शासन अधिकच निर्धास्त होईल. यात तथ्य आहे. नागरिकांनी हक्काने मागावयाच्या गोष्टी दानधर्मावर सोडणे हा न्याय नव्हे. रस्त्यावरचा खड्डा बुजवावा म्हणून अर्ज करणे, पाठपुरावा करणे, हीदेखील वाट झाडण्याचीच रीत आहे आणि ती आपल्या धर्मग्रामांनी अधिक आत्मसात केली पाहिजे. परंतु शासन रस्ता देऊ शकते; रात्री दोन वाजता दमलेल्या म्हातारीला ‘बसा मावशी, घाई नाही’ असे म्हणणारा माणूस त्याला निविदा काढून मिळत नाही. दोन्ही कामे वेगळी आहेत. एकाच्या नावाने दुसरे टाळू नये.

आता पैशाचा प्रश्न, ज्याविषयी आपण धार्मिक लेखांतून बोलण्याचे टाळतो. वर्गणी हा शब्दच आता बदनाम होऊ लागला आहे. सणाच्या आधी चार तरुण दारात उभे राहतात, आकडा तेच सांगतात आणि नकाराचा परिणाम काय होईल हेही न सांगता सांगतात. अशा पैशातून उभा राहिलेला मांडव कितीही थंड पाणी देवो, त्या पाण्यात कोणाची तरी अगतिकता मिसळलेली असते. म्हणून आम्ही असे मानतो की, वाटेसाठी मागितलेल्या पैशाची कसोटी तीन प्रश्नांत आहे. देणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक होती काय? दिलेल्या रुपयाचा हिशेब त्याला मागता येतो काय? आणि ज्याने दहा रुपये दिले त्याच्या डोळ्यांस डोळा भिडवून आपण त्याला दहा हजार देणाऱ्याइतकाच मान दिला काय? यातील दुसऱ्या प्रश्नाची काळजी कायद्यानेही वाहिली आहे. नोंदणी नसलेल्या मंडळास धर्मादाय कारणासाठी वर्गणी जमवायची असेल, तर आपल्या राज्यात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते नि हिशेब द्यावा लागतो. पहिल्या नि तिसऱ्या प्रश्नाचा कायदा मात्र कोणत्याही पुस्तकात नाही. तो मंदिराच्या दानपेटीजवळ बसून विधवेची दोन नाणी पाहणाऱ्या प्रभूच्या दृष्टीत आहे.

कॅनडातील मंडळांच्या सामुदायिक भोजनात आम्हांला एक शहाणपण दिसते. देणारा तेथे पाहुणा म्हणून येतो, जेवतो, शेजाऱ्याशी बोलतो; त्याचा पैसा भिक्षा ठरत नाही. आपल्या धर्मग्रामांतही सणाला घरचे पदार्थ करून विकणाऱ्या भगिनी असतात. त्या विक्रीतून किती रक्कम जमली हे आपण देवळात जाहीर करतो. पण पहाटे चारला उठून शंभर पुरणपोळ्या लाटणारीचे नाव त्या आकड्यात कोठेच नसते. निधीची रक्कम मोजताना त्या श्रमाची मोजणी होत नाही, हे निदान आपण जाणून असावे. फलकावर मोठ्या अक्षरांत झळकणारी नावे बहुधा अशा भगिनींची नसतात. नाव लावू नये असे आमचे म्हणणे नाही. नावामुळे दुसऱ्याला देण्याची स्फूर्ती होत असेल तर ते लावावे. परंतु पाण्याच्या पिंपापेक्षा फलक मोठा झाला, की तहानेलेल्याला आधी आपले नाव प्यावे लागते.

याहून नाजूक प्रश्न असा. भद्रा मारुतीच्या वाटेवर, किंवा त्याच खुलताबादेत भरणाऱ्या जर जरी जर बख्श यांच्या उरुसाच्या वाटेवर, कॅथॉलिक धर्मग्रामाने पाण्याचा मांडव घालावा काय? औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाला. मराठवाड्यातील आपला समाज संख्येने लहान, बराचसा खेड्यांत विखुरलेला. अशा समाजात दोन्ही बाजूंची भीती असते. घातला तर आपल्यांतील काही म्हणतील की, ज्या उपासनेत आपला विश्वास नाही तिला आपण हातभार लावला. बाहेरचे काही म्हणतील की, पाण्याच्या आडून धर्म पाजला जात आहे. ही भीती काल्पनिक नाही. आजच्या दिवसांत तर तिला वजन आहे.

यावर आमचे मत विचारान्ती असे झाले आहे. तहान ही उपासना नव्हे. पाणी देणारा चालणाऱ्याच्या घशाला पाणी देतो, त्याच्या नवसाला नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयी जो जाहीरनामा काढला, त्याने त्या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही असे शिकवले आणि इतर धर्मीयांशी संवाद व सहकार्य करण्यास श्रद्धावंतांना सांगितले. आपली श्रद्धा सोडा असे त्यात कोठेही नाही. मतमाऊलीच्या यात्रेलाही इतर धर्मांची माणसे येतात, मेणबत्ती लावतात, मुलाबाळांना मातेपुढे ठेवतात, तेव्हा आपण त्यांना पाण्यासाठी धर्म विचारीत नाही. मग वाटेची दिशा बदलली म्हणून हा नियम बदलावा काय? अट मात्र एक असावी, आणि ती आपणच आपल्यावर घालावी. त्या मांडवात पत्रक नको, प्रवचन नको, गळ्यात पडणारी सलगी नको. कोणी विचारले तर आपण कोण ते सांगावे, न विचारले तर पाणी द्यावे. आणि शक्य तेथे स्वतंत्र मांडव घालण्याऐवजी शेजारच्या मंडळाच्या मांडवातच आपले दोन हात नि चार पिंपे द्यावीत. स्वतःचा फलक नसलेली सेवा करता येते का, याची ती चांगली परीक्षा ठरेल.

चालणाऱ्याचेही काही कर्तव्य आहे. बर्फाच्या मुलखात एखाद्या उद्धट स्वाराने आखलेली वाट सोडून शेतात गाडी घातली, तर त्या शेताचा मालक पुढच्या वर्षी संमती देत नाही आणि एकाच्या माजामुळे सगळ्यांची वाट बंद होते. आपल्याकडे पहाटे खुलताबाद गाठलेल्या गर्दीमागे घाटाच्या उतारावर नि कडेच्या रानांत प्लॅस्टिकचे पेले नि पत्रावळी उरतात. ज्या शेतकऱ्याने मांडवाला जागा दिली त्याच्याच बांधावर तो कचरा उडून जातो. सेवा करणाऱ्यांनी सेवेतून नवा उपद्रव निर्माण करू नये, आणि सेवा घेणाऱ्यांनी आपल्यामागे येणाऱ्याची वाट मळवू नये. हरेगावच्या यात्रेहून परतणाऱ्या आपल्या वाहनांनाही हे तितकेच लागू आहे. चालणारा हाही मागून येणाऱ्याच्या वाटेचा एक राखणदार असतो.

दया की न्याय, या आरंभीच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे की, वाट तयार करणे हे मुळात ऋण फेडणे आहे. आपण प्रत्येक जण दुसऱ्या कोणी झाडलेल्या वाटेवरून येथवर आलो. ज्या पूर्वजांनी पहिल्या झोपडीवजा प्रार्थनामंदिराचे कूड सारवले, ज्या मिशनरींनी बैलगाडीतून खेडी पालथी घातली, ज्या शिक्षिकेने आपल्या आजीला धूळपाटीवर अक्षर गिरवायला लावले, त्यांना आपण कधी पाहिले नाही. ते ऋण मागे वळून फेडता येत नाही, कारण देणारे निघून गेले. ते पुढेच फेडावे लागते, ज्यांना आपण पाहणार नाही अशांना. संत योहान बाप्तिस्ता याच अर्थाने आपला आदर्श आहे. त्याने प्रभूसाठी वाट सरळ केली आणि प्रभू येताच स्वतः बाजूला झाला. त्या वाटेवरून चाललेली प्रभूची बहुतेक पावले पाहण्याआधीच तो तुरुंगात पडला होता.

प्रत्येक आगमनकाळात आपण त्याची वाणी ऐकतो. यंदा श्रावणाच्या नि मतमाऊलीच्या दिवसांआधी, वेळ हाताशी असताना, प्रत्येक धर्मग्रामाने एक साधी यादी करावी असे आम्ही सुचवतो. कोणता ओढा पावसात अडतो, वृद्धांना देवळात यायला कोणती पायरी उंच पडते, यात्रेच्या वाटेवर कोणत्या वळणाला दिवा नाही, कोणत्या शेजारी मंडळाला रात्री दोन ते पाच माणसे कमी पडतात. यादी लहान असली तरी चालेल. तिच्यासाठी पावतीपुस्तक काढावे, हिशेब देवळाच्या दारावर लावावा, आणि यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, गर्दी पांगल्यावर, पेले वेचायला कोण येणार त्यांची नावे आधी लिहून घ्यावीत.